सरांचीही फाईल फाटकातच थांबते

माझी आणि दिगंबरराव पेंटेवार सरांची पहिली भेट इचोड्यात, फवारणीच्या औषधांच्या दुकानात झाली. ज्यांनी उभी हयात संगणकाच्या सुरक्षेत घालवली त्यांच्यावरचा लेख कीटकनाशकापासून सुरू व्हावा, हे वाचणाऱ्यांना जरा विचित्र वाटेल. पण सरांचं सगळं शास्त्र त्या दुकानाच्या गल्ल्यावर तयार झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि साठी पूर्ण करणाऱ्या माणसाबद्दल जे आहे तेच लिहावं, गोड लिहायला या गौरवग्रंथात पुढे लोक आहेतच.

माझं भीमपूरला ऑनलाइन सेवा केंद्र आहे. जमिनीची पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे परीक्षेचे अर्ज, कापूस विक्रीची नोंदणी, असं सगळं माझ्याकडे होतं. केंद्र नवीन होतं तेव्हा एका रविवारी कुठल्याशा सरकारी कार्यालयाच्या नावानं मेल आला. सोबत एक फाईल जोडलेली, शेतकऱ्यांच्या यादीची. नाव बरोबर होतं, पण पत्ता कधी न पाहिलेला, आणि आमच्याकडचं कार्यालय रविवारी काम करतं हे मला पटेना. मी ती फाईल उघडली नाही. पुसायचाही धीर होईना. शेवटी संगणकाचा डबा गोणपाटात बांधला आणि बस पकडून इचोडा गाठलं, कारण तिथे असल्या गोष्टी जाणणारे एक सर राहतात असं ऐकलं होतं.

सर तेव्हा आदिलाबादच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत. त्या दिवशी त्यांचे मोठे भाऊ जेवायला घरी गेले होते म्हणून सर दुकानात बसले होते. समोर एक शेतकरी रिकामी शीतपेयाची बाटली पुढे करून उभा होता.

"दिगूभाऊ, थोडंसंच पायजे. यातच ओतून द्या."

"या बाटलीत नाई देत."

"काऊन? चांगली धुतली हाय."

"धुतली हाय म्हणूनच नाई देत. उद्या तुही पोरगी शाळेतून तहानलेली येईन. तिले काय ठाऊक यात काय हाय? घ्याचं असन तर सीलबंद डबा घे, त्यावर विष लिहिलेलं हाय."

शेतकरी कुरकुरत डबा घेऊन गेला. मग सर माझ्या गोणपाटाकडे वळले. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, उघडली का आणि पुसली का. दोन्हींना मी नाही म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "मंग निम्मं काम तर तूनं केलंच हाय," ते म्हणाले. "लोक एकतर प्याले पायतात नाईतर नालीत ओतून देतात. नालीत ओतलं तं कोणतं विष होतं हे कसं समजन, अन् शेजाऱ्याले कसं सांगशीन?"

हे सांगणं मी आजवर विसरलेले नाही. संशयास्पद फाईल आली की आपले हात आपोआप पुसून टाकायच्या बटणाकडे जातात. घाण गेली, सुटलो. पण तीच फाईल त्याच दिवशी वांकिडीतल्या शाळेत आलेली असते, किनवटच्या पतसंस्थेत आलेली असते, आणि तिथल्या माणसाला कोणी काही सांगितलेलं नसतं. म्हणून फाईल उघडायची नाही, पुसायचीही नाही. बांधायची, वर ठळक लिहायचं आणि जाणकाराच्या हाती द्यायची. सरांनी याच कामासाठी आमची मेलयादी सुरू केली आणि तिला नाव दिलं 'राखण'. पीक उभं असताना मचाणावर बसून जी करतात, ती.

'राखण'मध्ये आमच्या भागातले सेवा केंद्रवाले, शाळांमधले संगणक शिक्षक, पतसंस्थांचे कारकून, राज्याच्या सीमेच्या अल्याडचे आणि पल्याडचेही. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, हिंदीत लिहा, फक्त खरं लिहा, एवढीच अट. सगळं जग मोबाईलच्या गटांवर बोलत असताना तुम्ही अजून मेलच काय धरून बसलात, असं सरांना पुष्कळांनी विचारलं. सरांचं उत्तर ठरलेलं असे. मोबाईलवर बोट लागलं की वस्तू पुढे जाते, आणि पुढे जाताना तिच्यावरची चिठ्ठी गळून पडते. मेलयादीला फाटक बसवता येतं.

ते फाटक असं आहे. यादीवर कुणीही काही जोडून पाठवलं तर ते थेट कुणाकडेच जात नाही, फाटकात थांबतं. फाटकावर पाळीनं एक राखणदार असतो. आधी फाईलशिवाय नुसतं वर्णन सगळ्यांना जातं: काय आलं, कुणाच्या नावानं आलं, दिसतं कसं. नमुना हवा असेल त्यानं मागायचा. तो त्याला कुलूपबंद पाकिटात मिळतो, पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या, आणि फाईलच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूट बदललेलं असतं, म्हणजे चुकून बोट पडलं तरी ती चालू होऊ नये. विषयाच्या ओळीत पहिला शब्द 'विष'. धोक्याचा दुवा लिहायचा तर मध्ये मोडून लिहायचा, म्हणजे कुणी दाबला तरी तो उघडू नये. आणि तपासायला एक जुनाट संगणक, ज्याला इंटरनेटची तार कधी लागलेलीच नाही. मोकाट गुरं कोंडतात तसं त्यात विष कोंडायचं आणि काम झालं की सगळा पुसून पुन्हा कोरा करायचा. सरांनी त्याला 'कोंडवाडा' म्हणायला सुरुवात केली आणि आता आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे स्वतःचा कोंडवाडा आहे.

शेवटचा नियम फोनचा. प्रत्येक फाईलला एक ठसा असतो, अक्षरं आणि आकडे मिळून झालेली लांबलचक ओळ. फाईलमध्ये टिंब जरी बदललं तरी ठसा बदलतो. जो फाईल पाठवतो त्यानं फोनवर तो ठसा वाचून दाखवायचा, राखणदारानं आपल्याकडचा ताडून पाहायचा, आणि जुळला तरच फाटक उघडायचं. फोनवर बी की डी हे कळत नाही म्हणून आमचे लोक गावांची नावं लावतात. ए आदिलाबादचा, बी भीमपूरचा, सी चांद्याचा, डी दिग्रसचा. बसमध्ये बसून मी असा ठसा ताडत होते तेव्हा शेजारच्या आजीनं विचारलं होतं, "माय, इतक्या गावी कोणाची सोयरीक जुळवून राह्यली?"

सरांचा स्वभाव कडक आहे असं लोक म्हणतात. नियमाला ते कडक आहेत, माणसाला नाहीत. वांकिडीकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकेनं एकदा यादीवर लिहिलं, की मी बक्षिसाची फाईल उघडली, शाळेच्या संगणकातले सगळे कागद कुलूपबंद झाले, पोरांचे दाखलेही गेले, मला काय करू ते सुचत नाही. यादीवर दोघा-तिघांनी लगेच शहाणपण शिकवायला घेतलं. शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये वगैरे. सरांनी उत्तर लिहिलं ते मी जपून ठेवलं आहे: "बाईंनी सांगितलं त्याबद्दल त्यांचे आभार. ज्यांनी अशीच फाईल उघडली आणि सांगितलं नाही, त्यांना मी उद्या सकाळी एकेकाला फोन करणार आहे." मग सर स्वतः वांकिडीला गेले. गेलेले सगळे कागद परत आले असं मी लिहू शकत नाही, कारण ते आले नाहीत. सरांनाही काही कुलपं उघडता येत नाहीत. पण घरोघरचे मूळ दाखले गोळा करून त्या बाईंबरोबर ते दिवसभर ते पुन्हा स्कॅन करत बसले, दुपारी शाळेच्या ओट्यावर भाकरी खाल्ली, आणि निघताना बाईंना म्हणाले, "आता पुढची राखणदार तुमी." त्या बाई आज आमच्या सगळ्यांत चांगल्या राखणदार आहेत. एकदा चटका बसलेला हात तवा जपूनच धरतो.

माझ्याबाबतही सरांनी असंच केलं. त्यांच्या हाताखाली शिकून मी फाटकावर बसू लागले तेव्हा आमच्याकडे एक-दोघांनी नाक मुरडलं होतं, की भीमपूरची झेरॉक्सवाली आता आमच्या फायली तपासणार. सर त्यांना म्हणाले, "तपासन ना. तुमच्याबी तपासन अन् माह्याबी." त्यावर सगळे हसले. सरांची फाईल कुणी तपासायची वेळ येईल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, माझ्याही नाही.

ती वेळ आली कापसाच्या हंगामात. कापूस विक्रीच्या नोंदणीचा म्हणून एक बनावट फॉर्म केंद्रांच्या संगणकांवर शिरला होता. शेतकऱ्यांचे बँकेचे कागद आम्हा केंद्रवाल्यांकडेच असतात. फॉर्म उघडला की तो गुपचूप बसायचा आणि ते कागद बाहेर कुणाला तरी पाठवत राहायचा. कुठल्या केंद्रात तो शिरला आहे हे वरून दिसत नव्हतं. सर तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी होते. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसायचं. अशातही त्यांनी त्या विषावर उतारा तयार केला, म्हणजे ते शोधून उपटून काढणारा एक छोटा प्रोग्रॅम. उद्या उतारा देतो, असं त्यांनी यादीवर सांगितलं, आणि सगळी केंद्रं डोळे लावून बसली.

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. सकाळी सातच्या आतच सरांचा मेल फाटकात आला. विषय 'उतारा', पाकीट कुलूपबंद, सगळं सरांच्या पद्धतीनं. मी ठशासाठी फोन लावला तर बंद. सर पाठवून लगेच डोळ्याच्या तपासणीसाठी नागपूरच्या गाडीत बसले होते. घरी सुमनकाकूंना, सरांच्या पत्नींना, फोन लावला. "मोबाईलची बॅटरी उतरली अशीन," त्या म्हणाल्या. "डोळ्यावर पट्टी हाय तरीबी पहाटेपासून त्या डब्यासमोर बसले होते, माय. चहाबी थंड करून टाकला." संध्याकाळी परत येतील, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी मेल सोडला नाही. दुपारपासून माझा फोन वाजायला लागला. इचोड्याचे राजन्ना, तेलुगू शाळेतले शिक्षक, मोठे सज्जन गृहस्थ, म्हणाले, "मॅडम, सर का फाईल है ना. छोड दो. सर पे भी शक करते क्या?" एका केंद्रवाल्या भावानं तर सरळ विचारलं, "शोभाताई, तुमी सरांपेक्षा मोठ्या झाल्या का? इथं लोकाइचे पैसे जाऊन राह्यले." त्याचं खरं होतं. विष आत बसलेलं असताना प्रत्येक तास महाग होता. आणि मला खरंच वाईट वाटत होतं. ज्यांनी माझ्या हाती फाटक दिलं त्यांनाच मी बाहेर उभं केलं होतं, आणि तेही पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी काम करून गेलेल्या माणसाला. मी दोनदा सोडायच्या बटणापर्यंत गेले. मग सरांनीच शिकवलेलं आठवलं, की नियम ओळखीच्या माणसासाठी असतो, अनोळखी माणसाला तर आपण तसंही दारात उभं करतोच. मी यादीवर लिहिलं, "सरांचा आवाज ऐकेपर्यंत फाटक बंद राहील. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा." लोक रागावले.

दिवस मावळायच्या सुमारास सरांचा फोन आला. मी आधी क्षमा मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे. डोळ्यात औषध घातलं हाय, आज ठसा तूच वाच." त्यांनी उताऱ्याचा ठसा पाकीट बांधायच्या आधीच एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवला होता, डोळ्यांमुळे. मी माझ्याकडच्या पाकिटातल्या फाईलचा वाचायला लागले. बी भीमपूरचा. मी पुढे वाचलं. सरांनी मला थांबवलं.

"शोभा, पुन्हा पयल्यापासून वाच."

मी वाचलं. पलीकडे सर चिठ्ठीवर एकेक अक्षर ताडत होते.

"जुळत नाई," ते म्हणाले. "तो उतारा नाई. हा ठसा मी पायलेला हाय, ते विष हाय. मीच धाडलं."

झालं होतं असं. उतारा लागू पडतो का हे पाहायला सरांनी कोंडवाड्यात विषाचं पाकीट सोडलं होतं, त्याचं शेपूट पुन्हा मूळचं केलं होतं. उतारा आणि विष एकाच पेनड्राइव्हवर शेजारी-शेजारी, नावं जवळपास सारखी. धूसर डोळ्यानं भलतंच उचललं गेलं, उताऱ्याच्या पाकिटात बांधलं गेलं आणि सरांच्या नावानं निघालं. पाकीट कुलूपबंद असल्यानं वाटेतल्या कुठल्याही तपासणीला ते दिसणार नव्हतं. ते सुटलं असतं तर तालुक्यातालुक्यातल्या केंद्रांनी ते त्याच दुपारी, डोळे झाकून, सरांचा उतारा म्हणून चालवलं असतं. ज्यांच्याकडे विष पोचलं नव्हतं त्यांच्याकडेही ते सरांच्या हातून पोचलं असतं. हे कळल्यावर मी केंद्राच्या पायरीवर जाऊन बसले.

अशा वेळी मोठी माणसं काय करतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फाईलमध्ये तांत्रिक अडचण होती, सुधारून पाठवत आहोत, असं म्हणता येतं. कुणालाच कळलं नसतं. ठसा न जुळल्याचं फक्त मला ठाऊक होतं आणि मी कधी बोलले नसते. सरांनी त्याच संध्याकाळी काकूंकडून टाईप करवून यादीवर मेल पाठवला. तो असा होता:

"उतारा म्हणून मी आज विष पाठवलं होतं. चूक माझी. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर ठेवायला नको होतं, आणि डोळा बरा होईपर्यंत हे काम एकट्यानं करायला नको होतं. ते तुमच्यापर्यंत आलं नाही कारण शोभानं अडवलं. तिच्यावर जे रागावले त्यांनी तिची माफी मागावी. यापुढे कोणाचीही फाईल, ती माझी आहे म्हणून सोडू नये."

सगळ्यांत आधी राजन्नांचा फोन आला. त्यांनी माफी मागायच्या आत मीच म्हटलं, राजन्ना सर, चहा प्यायला या. ज्या भावानं मला विचारलं होतं की सरांपेक्षा मोठ्या झाल्या का, तो दुसऱ्या दिवशी स्वतः भीमपूरला आला, सोबत शेतातल्या वांग्यांची पिशवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा उतारा आला. मी फोन केला. सरांनी ठसा वाचला, शेवटच्या अक्षरापर्यंत. जुळला. मी तरीही आधी माझ्या कोंडवाड्यात चालवून पाहिला. तोवर सर फोन धरून बसले होते. मधेच त्यांनी नम्रपणे विचारलं, "आता सोडशीन का?" मी म्हटलं, "थांबा जरा सर." ते थांबले. मग मी फाटक उघडलं, आणि त्या हंगामात आमच्या यादीवरची केंद्रं एकामागून एक स्वच्छ होत गेली.

डोळा बरा झाल्यावर सरांनी राखणदारांचं प्रमुखपद सोडलं. लोकांनी खूप आग्रह केला. सर म्हणाले, ज्या राखणीत एका माणसाच्या नावावर फाटक उघडतं ती राखण नव्हे. आता सात-आठ जण पाळीनं फाटकावर बसतात. त्यांत वांकिडीच्या बाई आहेत, राजन्ना आहेत, आणि यंदा महाविद्यालयातल्या दोन मुलीही आल्या आहेत. त्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात माझी एक साधी वेळापत्रकाची फाईल अडवून मला फोन केला. मला आधी राग आला आणि मग इतका आनंद झाला की मी ते लगेच सरांना कळवलं. सर म्हणाले, "आता मले काई चिंता नाई."

हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळी इचोड्याला गेली होती. सरांनी एकच अट घातली. ती विषाची गोष्ट त्यात पूर्ण छापली पाहिजे, नाहीतर ग्रंथच नको. मंडळी अवघडली. गौरवग्रंथात चूक कशी छापायची, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "नुसता गौरव छापसान तर पुढचा राखणदार माह्या नावाले भुलन." म्हणून ती लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते अभिमानानं केलं आहे. माझ्या लेखी सरांनी केलेल्या सगळ्या कामांत तो संध्याकाळचा मेल सर्वांत मोठा आहे. चुका सगळ्यांच्या होतात. चूक उघड सांगून तिच्यावर पुढच्यांसाठी पायवाट करून देणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

सरांनी साठी ओलांडली आहे. डोळे आता स्वच्छ आहेत, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे गरजेपेक्षा जास्तच स्वच्छ, कारण भाजीतलं मीठ सोडून सगळं दिसतं. त्यांना चांगली तब्येत मिळो, काकूंची साथ मिळो, आणि त्यांच्या हातून अजून पुष्कळ उतारे तयार होवोत. माझं स्वतःचं मागणं जरा स्वार्थी आहे. पुढची कितीतरी वर्षं सरांच्या फायली माझ्या फाटकात येत राहाव्यात. मी प्रत्येक फाईल अडवीन. मी इचोड्याला फोन लावीन, पलीकडून सरांचा आवाज येईल, ते सावकाश ठसा वाचून दाखवतील, बी भीमपूरचा, डी दिग्रसचा. आणि तो आवाज ऐकल्यावरच मी फाटक उघडीन.